मदत हवी आहे: नाजूक त्वचेसाठी दाढीचा नैसर्गिक साबण (सांगली)

नमस्कार मंडळी,
आमच्या अण्णांची त्वचा फार नाजूक आहे. दाढी केली की गळ्यापाशी लाल पुरळ येतं आणि दुपारपर्यंत चुरचुरतं. डब्यातला तयार फेस बंद केलाय, आता दाढीच्या साबणाची चांगली वडी हवी आहे.

थोडं वाचलंय. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ लिहिलं म्हणजे सौम्य असेलच असं नाही. कोणताही खरा साबण अल्कधर्मीच, पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) साधारण ९ ते १०. त्वचेचा मात्र ५.५च्या आसपास. खोबरेल तेल फेस भरपूर देतं, पण प्रमाण जास्त झालं की कातडी ओढते. फेस घट्ट राहायला स्टिअरिक आम्ल (तेला-चरबीतलं एक मेदाम्ल) लागतं, ग्लिसरीनमुळे ओलावा टिकतो. पुदिना, लिंबू, दालचिनी यांची सुगंधी तेलं वनस्पतींचीच, तरी अशा त्वचेला झोंबू शकतात. म्हणून बिनवासाचाच हवा, यावर मी ठाम आहे.

आता अडचण अशी, की आमच्याकडे बोअरचं जड पाणी. त्यात साबणाचा फेस कमी आणि चिकट साका जास्त. उकळून गार केलेलं पाणी वापरून कुणाला फरक जाणवलाय का? दाढीनंतर तुरटी फिरवावी का? अण्णांचा आग्रह आहे, पण त्याने आणखी कोरडं पडेल अशी मला भीती वाटते.

सांगली-मिरजेत घटकांची पूर्ण यादी छापलेला साबण कुठे मिळतो? घरी बनवणारं कुणी असेल तर तेलांचं प्रमाणही सांगा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघू, मगच चेहऱ्यावर.