गावातला चौपदरी पुन्हा दुपदरी? आमची हरकत आहे

गडगा (धागाकर्ता):
एसटी स्टँड ते बंदर हा आपला रस्ता आता दुपदरी करायचं घाटतंय. नगरपंचायतीने लावलेला आराखडा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जायला एक लेन, यायला एक, मध्ये उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांसाठी एक पट्टा. दुभाजक काढणार. उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंना पदपथ आणि थोडं पार्किंग. हरकती द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत.

हा रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या वडिलांनी चिऱ्याचा गडगा पाडून दिला, पुढचे माड तोडून दिले. शेजाऱ्यांची अर्धी पडवी गेली. त्या वेळी "विकासाला जागा सोडा" म्हणून जे दारात आले, तेच आता म्हणतात रस्ता गरजेपेक्षा मोठा झाला. मग आमची जागा आम्हाला परत मिळणार का? नाही. तिथे पेव्हर ब्लॉक बसणार आणि पहिल्याच श्रावणात त्यावर शेवाळ धरणार.

मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, त्यासाठी अख्ख्या कोकणाने किती आंदोलनं केली ते सगळ्यांना माहीत आहे. आणि आपल्याकडे झालेला चौपदरी मोडायचा? मे महिन्यात आणि चतुर्थीला एका लेनमध्ये एक टेम्पो उभा राहिला तरी रांग स्टँडपर्यंत जाईल. ग्रामीण रुग्णालय बंदराच्या अंगाला आहे. रुग्णवाहिका कुठून काढणार?

खाडीपलीकडे:
माडांचं दुःख खरं आहे. पण चौपदरी म्हणताय तो आहे कुठे? स्टँडपासून चालत या. डाव्या लेनमध्ये आधी रिक्षा, मग बँकेसमोर मोटारसायकली, पुढे मासळीवाल्या, मग एमएच-१२ आणि एमएच-०४ च्या गाड्या. दिवसभर चालते ती एकच लेन. तुम्ही वाचवायला निघालात ती दुसरी लेन रात्री दहानंतर उगवते, आणि तेव्हा तिचा उपयोग फक्त सुसाट जायला होतो.

दोन लेनचा खरा धोका शाळेसमोर बघा. मूल रस्ता ओलांडतं, कडेच्या लेनमधला एसटी ड्रायव्हर थांबतो. मागचा मोटारसायकलवाला एसटी का थांबली ते न बघता उजवीकडून पुढे जातो. एसटीच्या आडून मूल त्याला दिसत नाही, मुलाला तो दिसत नाही. एकच लेन असली की पहिली गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबतात, विषय संपला. केंद्राच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी.

अमेरिकेत नेमका हाच बदल, चार लेनच्या तीन, बऱ्याच ठिकाणी झालाय. तिथल्या संघीय महामार्ग प्रशासनाने अपघात १९ ते ४७ टक्के कमी झाल्याचं नोंदवलंय. आणि रुग्णवाहिकेचं म्हणाल तर आज ती दुभाजक आणि पार्किंगच्या मध्ये अडकते. मधला पट्टा मोकळा असेल तर तिथून निघेल.

चाकरमानी:
मी तर म्हणतो बंदर रस्ता पूर्ण वाहनमुक्त करा. किती सुंदर दिसेल!

गडगा:
@चाकरमानी, तुम्ही शिमग्याला आणि गणपतीला येता, तेही स्वतःची गाडी घेऊन. तेव्हा ती कुठे लावता ते आधी सांगा.

कोकमसार:
अमेरिकेचे आकडे दिलेत, तर तिथलीच दुसरी गोष्टही सांगा. लॉस एंजेलिसमध्ये प्लाया देल रे या समुद्रकाठच्या भागात २०१७ मध्ये व्हिस्टा देल मार आणि आजूबाजूच्या रस्त्यांच्या लेन कमी केल्या. इतका गदारोळ झाला की लोक तिथल्या नगरसेवकाला मुदतीआधीच पदावरून हटवायला निघाले, आणि त्याच वर्षी लेन पूर्ववत कराव्या लागल्या. समुद्राकाठच्या रस्त्याला पर्यायी वाट नसते, एका बाजूला पाणीच असतं. आपलीही तीच गत.

शिवाय तिथे मधल्या पट्ट्यात गाडी वळायला थांबते. इथे त्या पट्ट्याचं काय होईल? ओव्हरटेकची लेन. दोन्ही बाजूंनी. दुभाजक आज निदान समोरासमोरची धडक तरी अडवतो. आपल्याकडे रस्त्यावर मरणाऱ्यांत सगळ्यात जास्त दुचाकीवाले असतात, त्याच २०२२ च्या अहवालात ४४ टक्क्यांच्या वर. त्यांच्यासाठी या आराखड्यात एक रेघही वेगळी नाही.

रापणकार:
तुमचे आकडे ऱ्हवांदेत. सकाळी लिलाव सुटलो की बर्फाचे टेम्पो खंय उभे करूचे ता नकाशात दाखवा. ती डावी लेन म्हणजे आमची लेन. तुम्ही तिका पार्किंग म्हणतास, पण पार्किंगात आधी पर्यटकाची गाडी शिरतली, आमचो टेम्पो भायर. मासळी उन्हात थांबत नाय.

आणि मासळी इकणाऱ्या बायकांका खंय बसवतलास? पदपथार? म्हणजे दोन वर्सांनी "अतिक्रमण" म्हणून त्यांकाच उठवतले.

खाडीपलीकडे:
@रापणकार, या धाग्यातली सगळ्यात वजनदार हरकत ही आहे आणि आराखड्यात तिला उत्तर नाही, हे मीही म्हणतो. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्यांना उठवता येत नाही. तेव्हा ते सर्वेक्षण आधी आणि रस्ता नंतर, असं लेखी मागा. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा हवा असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शक म्हणतं. बायकांची जागा त्याच्या बाहेर आखून द्यायला लागेल, नाहीतर चालणारा पुन्हा डांबरावर.

@कोकमसार, प्लाया देल रेमध्ये ओरड करणाऱ्यांत मॅनहॅटन बीचसारख्या शेजारच्या गावांतून कामाला जाणारे बरेच होते. त्यांना तो भाग फक्त पार करायचा होता. आपला रस्ता बंदरावर संपतो, पुढे जायला होडीच लागते. इथे घाई असणारा माणूस आपलाच. दुचाकीचं मात्र पटलं. शाळेसमोर आणि रुग्णालयासमोर दुभाजकाचे तुकडे ठेवता येतील, रस्ता ओलांडणाऱ्यालाही मध्ये उभं राहायला जागा मिळेल.

कोकमसार:
तुकडे ठेवले की लोक फोडतात. आत्ताच्या दुभाजकाला पेट्रोल पंपासमोर जे भोक पडलंय ते सरकारने पाडलेलं नाही.

गडगा:
भोक का पडलं? वळायला पाऊण किलोमीटर पुढे जावं लागतं म्हणून. हे खाडीपलीकडेंच्या बाजूने गेलं, असो.

पण मला सांगा, डावी लेन आजच गाड्यांनी भरलीय तर आधी ती मोकळी करून दाखवा ना. स्टँडमागे नगरपंचायतीची पडीक जागा आहे, पर्यटकांच्या गाड्या तिकडे पाठवा. पावती फाडायची हिंमत नाही म्हणून लेनच काढून टाकायची, हा कुठला कारभार? आणि आम्हाला विचारलं कधी? आराखडा आधी फलकावर लागला, सभा नंतर. रुंदीकरणाच्या वेळीही तेच केलं होतं. जागा दिलेल्या घरांना बोलावून बसायला कुणाला वेळ नाही.

खाडीपलीकडे:
न विचारण्याबद्दल मी तुमच्या बाजूचाच आहे. स्टँडमागच्या जागेबद्दलही. पण पार्किंग हललं तरी मोकळी झालेली लेन गाड्यांनाच परत देणार असाल तर शाळेसमोरची गोष्ट तशीच राहते.

नारळीपौर्णिमा:
इतकी वर्षं त्या शाळेत शिकवते म्हणून लिहिते. पाऊस लागला की मुलं छत्री डाव्या खांद्यावर तिरकी धरून गटाराच्या लाद्यांवरून चालतात. निम्म्या लाद्या हलतात. मुलं मग डांबरावर उतरतात, आणि छत्रीमुळे मागून येणारी गाडी दिसत नाही. मला तुमचे चार पदर-दोन पदर नको. त्या लाद्या बसवा आणि वर सलग चालता येईल असं करा. त्यासाठी एक लेन गेली तर जाऊ दे.

कोकमसार:
मग निदान एकदम सिमेंट ओतू नका. आधी रंगाचे पट्टे आणि ड्रम ठेवून चाचणी घ्या.

गडगा:
चाचणी मान्य, पण जूनमध्ये नको. होड्या वर ओढलेल्या असतात, पर्यटक गेलेले असतात, रस्ता मोकळाच असतो. मग ऑगस्टमध्ये सांगतील "बघा, कुठे झाली कोंडी?" घ्यायची तर नाताळच्या सुट्टीत घ्या, नाहीतर चतुर्थीच्या बाजाराच्या आठवड्यात. माझ्या हरकतीत हेच लिहितोय: मूळ आराखड्याला विरोध, चाचणी गर्दीच्या दिवसांत, स्टँडमागचं पार्किंग आधी सुरू. ज्यांना सही करायची आहे त्यांनी शनिवारी देवळाच्या सभामंडपात यावं.

रापणकार:
तेच्यात आमच्या टेम्पोची येळ पण घाल. पहाटे पाच ते आठ, बंदराकडची बाजू, दुसरी गाडी लावची नाय. मगे सही करतंय.

नारळीपौर्णिमा:
आणि गटाराच्या लाद्या. त्या लिहिल्याशिवाय मी येणार नाही.