मायकेलएंजेलो राहिला, राबला त्या जागा : फ्लॉरेन्सात नेमकं काय बघावं?

दगडफूल
मंडळी, फ्लॉरेन्सात तीन दिवस आहोत. त्याचा डेव्हिडचा पुतळा बघणारच, पण मायकेलएंजेलो राहायचा कुठे, दगड घडवायचा कुठे, ते बघायचंय. व्हिया गिबेलिना रस्त्यावरचं त्याचं घर पुरेल का? आणि संगमरवराच्या खाणी बघायच्या तर कर्रारा की सेरावेझ्झा?

टाकीचे_घाव
त्या घरात कार्यशाळा शोधू नका. जागा त्याने १५०८ मध्ये घेतली, पण रंगवलेली दालनं पुतण्याच्या मुलाने १६१२ नंतर सजवून घेतली. जायचं ते 'जिन्यावरची मेरी' आणि 'सेंटॉरांची लढाई' या पोरवयातल्या उठावशिल्पांसाठी. मंगळवारी बंद असतं.

डेव्हिड (१५०१–०४) घडला कथीड्रलच्या कामशाळेच्या आवारात. तिथे आता कथीड्रलचं संग्रहालय आहे. तिथून पालाझ्झो वेक्कियो, म्हणजे पुतळा नेऊन उभा केला तो राजवाडा, चालत दहा मिनिटंसुद्धा नाही, पुतळा न्यायला चार दिवस लागले.

व्हिया मोत्झावरच्या त्याच्या कार्यशाळेत पडून राहिलेले अर्धवट 'कैदी' पुतळे आता अ‍ॅकॅडेमियात, डेव्हिड आहे त्याच संग्रहालयात, आहेत. सगळे त्यांना ओलांडून डेव्हिडकडे पळतात. तुम्ही बाजूने, तिरप्या उजेडात बघा: टोकदार टाकीचे खोल ओरखडे, त्यांवर दातेरी टाकीच्या बारीक समांतर रेघा. काम कुठवर आलं होतं ते तिथेच कळतं.

संगमरवरी
खाणींबद्दल. कर्राराला जाणं सोपं, पण गोष्ट सेरावेझ्झाची जास्त रंगतदार. पोप ज्युलियसच्या थडग्यासाठी १५०५ मध्ये तो कर्राराच्या डोंगरात आठ महिने होता. पुढे फ्लॉरेन्सातल्या सान लोरेन्झो चर्चच्या दर्शनी भिंतीसाठी पोप लिओने फ्लॉरेन्सच्या ताब्यातल्या सेरावेझ्झाचाच दगड घ्यायला लावला. तिथे रस्तासुद्धा नव्हता. तो बांधण्यापासून सुरुवात. कर्राराचे लोक बिथरले, दगड वाहायला बोटी मिळेनात.

दगड दोरांनी उतारावरून सोडत. १५१९ मध्ये एक खांब उतरवताना लोखंडी कडी तुटली आणि खांबाचे तुकडे नदीत गेले. कडी आतून पोकळ, बाहेरून धडधाकट दिसणारी. पुढचा प्रवास समुद्रातून पिसा, आर्नोतून सिन्या, तिथून बैलगाड्या. नदीला पाणी नसेल तर माल अडकायचा. एवढं करून १५२० मध्ये त्या भिंतीचं कंत्राटच रद्द!

दगडाची शीर वरून दिसत नाही, हे दुसरं दुखणं. रोममध्ये ख्रिस्ताची मूर्ती बरीच पुढे गेल्यावर चेहऱ्यात काळी शीर निघाली, ती सोडून नव्याने घडवावी लागली.

दगडफूल
धन्यवाद! सान लोरेन्झोमधली मायकेलएंजेलोची ती लपायची खोली उघडली म्हणतात?

टाकीचे_घाव
हो, नोव्हेंबर २०२३ पासून. नव्या सॅक्रिस्टीखाली (चर्चमधलं मेदिचींच्या थडग्यांचं दालन), साधारण १० बाय ३ मीटर, भिंतीवर कोळशाची रेखाटनं. १५३० मध्ये फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या भीतीने तो तिथे लपला असं मानतात. सगळी चित्रं त्याचीच का, यावर वाद आहे. आत एका वेळी चारच जण सोडतात, तेही पंधरा मिनिटं. तिकीट आधीच काढा, दारात मिळेल या भरवशावर राहू नका.

संगमरवरी
रोमलाही जाणार असाल तर, तो १५६४ मध्ये वारला ते माचेल दे कोर्वी भागातलं घर पाडलंय. पियाझ्झा व्हेनेत्झियात, ट्रेजनच्या स्तंभाजवळच्या विमा कंपनीच्या इमारतीवर नुसती पाटी आहे. मुद्दाम वाट वाकडी करू नका. त्याचा 'मोझेस' पुतळा बघायला सान पिएत्रो इन व्हिन्कोली चर्चला जाताना नजर टाका.