अनुभव धागा : पुण्यात गाडी घरी ठेवायची तर नेमकं कुठे अडतं?

धागाकर्ती

पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा २०१८ मध्येच ३६ लाखांवर, म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्या पुढे गेला. त्यानंतर मेट्रो आली. मार्च २०२२ मध्ये वनाझ–गरवारे आणि पिंपरी–फुगेवाडी, सप्टेंबर २०२४ मध्ये जमिनीखालून थेट स्वारगेट. तरी दुचाक्या काही घरी बसल्या नाहीत. बस, रस्ते, फुटपाथ, नियोजन यांतलं ज्यांना कळतं त्यांनी इथे लिहावं. मापं, वेळा, रुपये येऊ द्या. ‘आमच्या वेळी सायकलींचं पुणं होतं’ यासाठी वेगळा धागा आहे आणि तो आधीच बराच लांबलाय.

शेड्यूलवाला

‘बस वेळेवर येत नाही’ यामागचं गणित साधं आहे. समजा एका बाजूची फेरी ६० मिनिटांची आणि दोन्ही टोकांना १० मिनिटं थांबणं. पूर्ण चक्कर झाली १४० मिनिटांची. दर १० मिनिटांनी बस हवी तर १४ गाड्या लागतात. रस्ता तुंबून चक्कर १७० मिनिटांवर गेली की त्याच १४ गाड्यांत अंतर १२ मिनिटांच्या वर जातं. १० वर टिकवायचं तर १७ गाड्या काढाव्या लागतात. म्हणजे ३ बस वाढवल्या, त्यांना चालक-वाहक दिले, डेपोत जागा दिली, आणि प्रवाशाच्या पदरात काय पडलं? काल मिळत होतं तेच. नवीन बस येऊनही फरक का जाणवत नाही, ते यात आलं. बसला स्वतंत्र मार्गिका देणं हे प्रवाशांचे लाड नव्हेत, ती गाड्यांची बचत आहे.

दुसरं, अर्धा तास काही नाही आणि मग दोन बस एकामागोमाग. पुढची गाडी ४ मिनिटं मागे पडली की प्रत्येक थांब्यावर ४ मिनिटांची जादा माणसं चढतात, त्यात ती अजून रखडते. मागची जवळजवळ रिकामी पळते आणि तिला गाठते. टोकावरचा १० मिनिटांचा थांबा असतो तो हे सावरायला. फेऱ्या जास्त दाखवायच्या म्हणून कागदावर तो ५ केला की उशीर पुढच्या फेरीत जातो आणि संध्याकाळपर्यंत सगळं शेड्यूल कोसळतं. उपाय एकच : मागची गाडी मधल्या थांब्यावर २–३ मिनिटं रोखायची. आतले प्रवासी ओरडतात. ओरडू द्यावं.

दुमजली

उड्डाणपुलाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी मांडत नाही. वरचा रस्ता ६ मीटर उंचीवर न्यायचा आणि चढ १:३० ठेवायचा, तर एका बाजूचा उतारच १८० मीटरचा होतो. दोन्ही बाजू धरून ३६० मीटर. तेवढ्या पट्ट्यात रस्ता ओलांडता येत नाही आणि थांबा उताराच्या पलीकडे सरकतो. त्यात बस पुलावरून नेता येत नाही, कारण चौकातले प्रवासी खाली असतात. मग मोटारी वरून सुसाट आणि बस खालच्या सिग्नलला. पुलानं वाचलेली मिनिटं फक्त खासगी वाहनांच्या खात्यात जातात, आणि तीही पुढच्या चौकापर्यंतच.

विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला गेला, कारण हिंजवडी मेट्रोचे खांब आणि तो पूल एकत्र बसत नव्हते. नळस्टॉपला मात्र पूल आणि मेट्रो एकाच खांबावर घेतले. क्रम आधी ठरला की पैसे वाचतात, एवढंच.

फूटपट्टी

स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या ५०० मीटरवर लिहिते. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) मापांनुसार फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कर्बची (फुटपाथच्या कडेची) उंची १५० मिमीहून जास्त नको. आपल्याकडे १.८ मीटर असते ती नकाशात. जागेवर त्यातच विजेचा डीपी बॉक्स, झाड आणि पानाच्या टपरीची पायरी, म्हणजे उरले ६० सेंटिमीटर. टेप लावताना कर्बपासून भिंतीपर्यंत मोजू नका. सगळ्यात अरुंद जागा मोजा, खरी रुंदी तीच.

सर्वांत मोठी चूक सोसायट्यांच्या फाटकांपाशी होते. प्रत्येक फाटकापुढे फुटपाथ खाली उतरवतात आणि पुढे परत चढवतात. १०० मीटरमध्ये पाच फाटकं असली तर पाच उतार, पाच चढ. गुडघे दुखणारा माणूस त्यापेक्षा डांबरावरून चालतो, आणि मग ‘फुटपाथ वापरत नाहीत’ म्हणून आपणच त्याच्या नावानं बोटं मोडतो. फुटपाथ सलग १५० मिमीवर ठेवायचा, चढायचं ते मोटारीनं. तिचा छोटा उतार कर्बच्या कडेच्या पट्ट्यात बसतो. व्हीलचेअरचा उतार १:१२ असतो, म्हणजे १५० मिमीला १.८ मीटर लांबी. तो जिथे झेब्रा आहे तिथेच हवा.

आता बोलार्ड, म्हणजे फुटपाथच्या तोंडाशी रोवलेले खुंट. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटरची फट लागते. स्कूटरचं हँडल साधारण ७० सेंटिमीटरचं. म्हणजे व्हीलचेअर जाईल तिथून स्कूटर जाणारच! फट ६० वर आणली तर स्कूटर अडते, पण व्हीलचेअर आणि बाबागाडीही अडतात. नागमोडी रेलिंगचंही तेच. बोलार्ड मोटारी रोखायला चांगले. दुचाकी रोखायची तर चौकात तिला डांबरावर जागा आणि सिग्नलला कमी थांबणं मिळायला हवं, नाहीतर दंडाची पावती. लोखंडात तिसरा पर्याय अजून सापडलेला नाही.

पी१पी२

@फूटपट्टी, सहमत. भर एकच : रस्त्यावर उभी मोटार २.५ × ५ मीटर जागा खाते, म्हणजे अख्खा फुटपाथ तिथेच गेला. सशुल्क पार्किंगचं धोरण महापालिकेच्या मुख्य सभेनं २०१८ च्या मार्चमध्ये मंजूर केलं, तेही आधी फक्त ५ रस्त्यांसाठी. त्याचं पुढे काय झालं ते लक्ष्मी रस्त्यावर दिसतंच आहे.

उजवा दरवाजा

बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका. २००६ चा कात्रज–स्वारगेट–हडपसर प्रयोग आणि २०१५ नंतरचे रेनबो मार्ग एका मापानं मोजू नयेत. दुसऱ्या खेपेत स्टेशन रस्त्याच्या मध्ये, बसला उजवीकडे दार, बसचा तळ आणि फलाट एका उंचीला. पण हे सगळं चालकाच्या हातात असतं. बस फलाटापासून फूटभर लांब थांबली की आजीबाईंसाठी ती दरी. आणि मधल्या स्टेशनला पोचायला रस्ता ओलांडायचा. अर्धा रस्ता १२ मीटर धरला तर तरुण माणसाला १० सेकंद (सेकंदाला १.२ मीटर), वयस्काला १५ (सेकंदाला ०.८ मीटर). पादचाऱ्यांचा हिरवा दिवा ८ सेकंदांचा ठेवला तर स्टेशन कितीही छान बांधा.

पासधारक

पैशांचं बोलू. ये-जा ३० किमी. दुचाकी लिटरला ४५ देते आणि पेट्रोल १०५ धरलं तर रोजचे ७० रुपये. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पीएमपीचा (शहर बसचा) दैनिक पास ७० रुपये. बरोब्बर तेवढेच. मागे कुणी बसलं तर दुचाकी निम्म्यात! मोटार शहरात १२ देते, तिचे २६० होतात. म्हणजे भाव दाखवून मोटारवाला बसमध्ये येऊ शकेल, दुचाकीवाला नाही. त्याला वेळच दाखवावी लागेल. मासिक पास १५०० चा, महिन्यात २२ दिवस जाणाऱ्याला तो दैनिक पासापेक्षा ४० रुपयांनी स्वस्त. इतक्या किरकोळ फरकासाठी महिनाभराचे पैसे आधी कोण अडकवेल?

शाळा, भाजी, आईचं औषध असं वाटेत उतरत जाणाऱ्या बाईनं मात्र सुट्या तिकिटांपेक्षा दैनिक पासच घ्यावा. जितक्या वेळा चढउतार, तितका तो लवकर वसूल होतो.

कंपासपेटी

मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरच्या वर्तुळात ४ पर्यंत एफएसआय (प्लॉटच्या चौपट बांधकाम), हे टीओडीचं, म्हणजे स्थानकालगत दाट वस्ती करण्याचं सूत्र. वर्तुळ कंपासनं काढलेलं आहे, माणूस मात्र गल्लीनं जातो. मध्ये नदी, रेल्वे किंवा सलग कंपाउंडची भिंत आली की नकाशावरचे ४०० मीटर पायी ९०० होतात. डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्थानकं मुठा नदीच्या अलीकडच्या काठाला आहेत आणि पेठा पलीकडच्या. पायी पूल नसला तर शनिवार पेठ वर्तुळात असूनही लांबच. एफएसआय देताना दोन प्लॉटमधून ३ मीटरची जाण्याची वाट मागून घेतली, तर तीच जागा खऱ्या अर्थानं ५०० मीटरमध्ये येते. इमारत उभी राहिल्यावर ती वाट मिळत नाही.

धागाकर्ती

आपल्या हातातलं काय, असं दोघांनी विचारलंय. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे. एका कामाची मर्यादा ५ लाख, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात. ‘फुटपाथ सुधारावा’ असं लिहू नका, तेवढ्यावर नुसते ब्लॉक बदलले जातात. ‘अमुक थांब्यापासून स्थानकाच्या जिन्यापर्यंत २२० मीटर, सर्वांत अरुंद जागा ०.६ मीटर डीपीपाशी, फाटकं ४, फुटपाथ सलग ठेवावा’ असं लिहा. टेप धरलेला फोटो जोडा आणि पोच घ्या.