बल्बपेक्षा थर्मोस्टॅट महत्त्वाचा
बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या अजगराच्या पेटीत उबेसाठी उघडा बल्ब लावला की पुरेसे होते, असे काही जण म्हणतात; हे मत मला धोक्याचे वाटते, कारण साप उबेसाठी बल्बला वेटोळे घालतो आणि कातडी भाजली तरी पुष्कळदा जागचा हलत नाही. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) पेटीच्या बाहेरून, साधारण एकतृतीयांश तळाखाली असावी आणि थर्मोस्टॅटने, म्हणजे तापमान ठरावीक पातळीवर राखणाऱ्या उपकरणाने, ती बाजू ३१-३२ अंशांवर रोखावी. दुसरी बाजू २५-२६ अंशांवरच राहू द्यावी.

आणखी एक मुद्दा विजेचा आहे. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात डिसेंबरच्या रात्री वीज गेली की मी गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका कडेला ठेवतो. मे महिन्यात मात्र खोलीच तापते आणि थर्मोस्टॅट मॅट बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही, म्हणून तेव्हा पेटी घरातील सर्वांत थंड, मातीच्या भिंतींच्या खोलीत हलवावी लागते.