मदत हवी आहे: नर्सिंगच्या मुलींना स्वतःहून अभ्यासाची सवय कशी लावायची?

नमस्कार मंडळी, मी बीएस्सी नर्सिंगला ट्यूटर आहे. २०२१ च्या नवीन सिलॅबसमध्ये सेल्फ स्टडीचे वेगळे तास आहेत, पण त्या तासाला पोरी मागच्या बॅचच्या फाइलीतून केअर प्लॅन (पेशंटची काळजी कशी घ्यायची त्याचा लेखी आराखडा) जसाच्या तसा उतरवतात, परवा तर पेशंट हर्नियाचा पुरुष आणि प्लॅनमध्ये स्तनपानाचा सल्ला, आता काय बोलणार! वॉर्डात ह्याच मुली सलाईनचा ड्रिप रेट (मिनिटाला किती थेंब) पटकन काढतात, म्हणजे डोकं आहे. बऱ्याच जणी मराठी मिडीयमच्या, इंग्रजी पुस्तकाला घाबरतात, मग "मॅडम नोट्स द्या". लर्निंग डायरी सुरू केली तर सगळ्यांचं एकच, "आज बीपी घ्यायला शिकले". ड्यूटीआधी मुलींनाच त्या दिवशीचं गोल (काय शिकायचं ते) ठरवायला लावून नंतर त्यावर बोलायचं, असं कुणी केलंय का? डायरी मराठीत लिहू दिली तर चालेल का, आणि मार्क द्यायचे की नाही?