जकातीचा हिशोब: नवरा शाफई, बायको हनफी. दागिन्यांवर द्यायची की नाही?

खाडीपट्टा
अस्सलामु अलैकुम. रमजानात सगळेच घाईत असतात, म्हणून जकातीचं (संपत्तीतून दर वर्षी द्यायचं बंधनकारक दान) आत्ताच विचारून ठेवतो. मी कोकणी, म्हणजे शाफई. पत्नी सोलापूरकडची, हनफी. (सुन्नींचे हे दोन मसलक, म्हणजे धर्मनियमांचे पंथ.) आमच्याकडे आहे ते असं:

पत्नीचे दागिने ७२ ग्रॅम, २२ कॅरेट, खड्यांचं वजन सोडून. सोनार म्हणतो सात तोळ्यांच्या थोडं वर. तिच्या खात्यात ३८,००० रुपये, तिच्यावर कर्ज नाही. माझ्या खात्यात १,४०,००० आणि मित्राला दिलेले उसने ५०,०००. तो कधीही मागितले तरी देईल असा आहे. घरकर्जाचे हप्ते चालू आहेत. मुलगी आठ वर्षांची, तिच्या नावाने आजीने दिलेली २० ग्रॅमची सोन्याची नाणी. गावाला हापूसची कलमं आणि पावसाळी भात.

आमच्याकडे म्हणतात वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. सासरी म्हणतात आहे. तिसरे म्हणतात साडेसात तोळ्यांच्या आत आहे, विषयच संपला. नक्की काय धरायचं?

हिशोबनीस
व अलैकुम अस्सलाम. आधी तोळ्याचा घोळ निस्तरू, कारण दर वर्षी इथेच गाडी अडते. किताबांतला साडेसात तोळ्यांचा तोळा जुना आहे, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणून सोन्याचा निसाब (इतकं असलं की जकात लागू होते ती मर्यादा) ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. (काही आलिम, म्हणजे धर्मपंडित, ८५ आणि ५९५ ग्रॅम धरतात.) आजचा सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणतो. त्याच्या भाषेत सोन्याचा निसाब पावणेनऊ तोळे होतो. सोनाराच्या तोळ्याने साडेसात मोजलेत तर ७५ ग्रॅमलाच निसाब भरला असं वाटेल.

दुसरं, घराचा ढीग एकत्र करू नका. जकात घरावर नसते, मालकावर असते. दागिने पत्नीचे तर जकात तिची. तिच्या परवानगीने तुम्ही भरू शकता, पण हिशोबाची वही वेगळी. माहेरून आलेलं तिचंच. सासरने घातलेलं तिला दिलं की नुसतं वापरायला, हे आधी ठरवा. बऱ्याच घरांत ते कुणी कधी बोललेलंच नसतं आणि मग मालक कोण तेच कळत नाही.

आता तिचा हनफी हिशोब. ७२ ग्रॅम हे ८७.४८ च्या आत आहे हे खरं. तिच्याकडे फक्त सोनं असतं, गरजेपुरत्या खर्चाशिवाय एक रुपयाही नसता, चांदीही नसती, तर जकात लागली नसती. पण हनफी मसलकात सोनं, चांदी, रोकड आणि विक्रीचा माल यांची किंमत एकत्र करतात आणि चांदीच्या निसाबाशी ताडतात. खात्यातल्या ३८,००० मुळे ती साहिबे-निसाब झाली, म्हणजे तिचा निसाब भरला.

आकड्यांसाठी सोपे भाव धरतो, तुम्ही त्या दिवशीचे घ्या. समजा २२ कॅरेट ९,००० रुपये ग्रॅम, चांदी १०० रुपये ग्रॅम. चांदीचा निसाब ६१,२३६ रुपये. तिचं सोनं ६,४८,००० अधिक रोकड ३८,०००, एकूण ६,८६,०००. जकात अडीच टक्के, म्हणजे भागिले ४०: १७,१५० रुपये.

भाव कोणता? सोनार आज तुमच्याकडून ज्या भावाने घेईल तो. घडणावळ धरायची नाही, विकायला न घेतलेले खडे-हिरे धरायचे नाहीत. खरेदीची जुनी पावती फाडून टाका, तिचा उपयोग शून्य. पैंजण आणि चांदीची ताटं-वाट्या मात्र राहून जातात, त्या वजनात धरा.

तारीख: ज्या हिजरी तारखेला ती पहिल्यांदा साहिबे-निसाब झाली ती तिची तारीख, दर वर्षी तीच. आठवत नसेल तर अंदाजाने एक पक्की करा. १ रमजान हा रिवाज आहे, नियम नाही. हनफींत वर्षाच्या दोन्ही टोकांना निसाब भरला की पुरे. मध्ये घटलं तरी चालतं, पूर्ण शून्य मात्र व्हायला नको. ३१ मार्चला हिशोब करायची सवय असेल तर ध्यानात ठेवा, चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं. इंग्रजी तारखेने चाललात तर साधारण ३३ वर्षांत एक जकात गळते. म्हणून तसं करणाऱ्यांना अडीचऐवजी सुमारे २.५८ टक्के काढायला सांगतात.

बाणकोटी
शाफई बाजू मी लिहितो, कारण ती ‘दागिन्यांवर माफ’ एवढ्या अर्ध्या वाक्यात गुंडाळली जाते.

शाफई मसलकात बाईच्या अंगावर घालायच्या, रीतीला धरून असलेल्या दागिन्यांवर जकात नाही. ‘घालायच्या’ यावर सगळा भार आहे. गुंतवणूक म्हणून घेऊन लॉकरमध्ये ठेवलेलं सोनं, बिस्किट, नाणी यांवर निसाब भरला की आहेच. दागिना मोडला आणि वितळवल्याशिवाय घालता येत नाही, किंवा दुरुस्त करायचा विचारच नाही, तर तोही सुटीत बसत नाही. पुरुषाच्या सोन्याच्या अंगठीला सूट नाही, कारण ती वापरणंच जायज नाही. चांदीच्या भांड्यांचं तेच. आणि शाफईंत सोनं-चांदी एकमेकांत मिसळून निसाब भरत नाहीत, दोन्ही स्वतंत्र.

मुलीची २० ग्रॅमची नाणी: हनफींत नाबालिगच्या (अल्पवयीनाच्या) मालावर जकात नाही. शाफईंत आहे, वलीने (पालकाने) तिच्या मालातून काढायची. पण २० ग्रॅमने सोन्याचा निसाब भरत नाही, त्यामुळे दोन्हीकडून उत्तर एकच. पुढे आजीने हात सैल सोडला तर पुन्हा बघा.

आता तुमचं स्वतःचं. खात्यातले १,४०,००० आणि उसने ५०,०००. मागता येणारं, देणारा कबूल आणि ऐपतीचा, असं येणं शाफईंत आत्ताच धरतात. नोटांना बहुतेक आलिम चांदीचाच निसाब लावतात. म्हणजे १,९०,००० वर ४,७५० रुपये. घरकर्ज वजा होत नाही, शाफईंचं पक्कं मत असं की देणं असलं म्हणून हातातल्या मालाची जकात सुटत नाही. (हनफींत देणं वजा होतं. मात्र वीस वर्षांचं घरकर्ज सगळं एकदम वजा करून स्वतःला गरीब ठरवू नये. कुणी थकलेला हप्ता वजा करतात, कुणी वर्षभराचे हप्ते.)

फरक आणखी एक. शाफईंत रोकड वर्षभर निसाबाच्या वर राहिली पाहिजे, खाली गेली की वर्ष नव्याने सुरू. शिवाय दर महिन्याच्या पगारातून उरलेल्या रकमेचं वर्ष वेगळं धावतं. बारा वह्या कोण ठेवणार? म्हणून एका तारखेला सगळ्यावर काढतात. ज्या रकमेचं वर्ष पुरं नाही तिची जकात आगाऊ दिली असं होतं, आणि ते जायज आहे.

बागेचं. शाफईंत फळांपैकी फक्त खजूर आणि द्राक्षं, बाकी साठवून खायचं मुख्य धान्य. हापूस, नारळ, सुपारी यांवर पिकाची जकात नाही. आंबा विकून आलेले पैसे शिल्लक राहिले तर रोकडीत येतात. भातावर आहे: पावसाच्या पाण्यावर दहा टक्के, पंपाच्या पाण्यावर पाच. निसाब पाच वसक (धान्याचं जुनं माप), साधारण ६५३ किलो, आणि तुसासकट साठवलेलं भात असेल तर त्याच्या दुप्पट, सुमारे १,३०० किलो. त्याला वर्ष पुरं व्हायची अट नाही, कापणीलाच द्यायची. हे पीक आहे, म्हणून अडीच टक्क्यांचा हिशोब इथे आणू नका.

खाडीपट्टा
दोघांनाही जजाकल्लाह. दोन शंका. पत्नीने लग्नानंतर माझ्या मसलकाने चालावं का, म्हणजे दागिने सुटतील? आणि मित्राची सध्या ओढाताण चालू आहे, त्याचे उसने माफ करून तीच माझी जकात धरली तर?

हिशोबनीस
लग्नाने मसलक बदलत नाही. आणि नेमकी सूट दिसली तेवढ्यापुरती उडी मारणं दोन्हीकडच्या आलिमांना पसंत नाही. १७,१५० साठी शाफई व्हायचं तर मग वुजूपासून (नमाजआधी हातपाय धुण्यापासून) सगळंच शाफई पाळायला हवं.

तकसीम
मित्राचे उसने माफ करून तुमची जकात अदा होत नाही, हनफींत नाही आणि शाफईंच्या पक्क्या मतानेही नाही. जकात म्हणजे हक्कदाराच्या हातात मालकी देणं, आणि बुडत्या पैशाला जकात नाव दिलं तर तुमच्या हातून काही गेलंच नाही. रस्ता असा: तो खरोखर हक्कदार असेल तर जकातीची नियत करून ४,७५० त्याच्या हातात द्या, ‘परत कर’ अशी अट न घालता. त्याने आपल्या मर्जीने त्यातून उसने फेडले तर तुम्ही घेऊ शकता. पण एक विसंगती बघा. वर बाणकोटींनी ५०,००० धरले ते ‘ऐपतीचा’ म्हणून. तो खरंच अडचणीत असेल तर ते ५०,००० आत्ता धरायचे नाहीत, हातात आल्यावर मागच्या वर्षांसकट काढायचे. तसं झालं तर तुमची यंदाची रक्कम ३,५०० होते, आणि त्याला द्यायची तीही तेवढीच. आधी त्याची परिस्थिती नीट विचारा, मग आकडा ठरवा.

देताना जकात आहे असं सांगायची गरज नाही, मनात नियत पुरे. रक्कम बाजूला काढताना केली तरी चालते. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांना नाही, नवऱ्याने बायकोला नाही. सय्यदांनाही (पैगंबरांच्या वंशजांना) नाही. भाऊ, बहीण, मावशी, मामा गरजू असतील तर त्यांना आधी.

मशिदीचा स्लॅब, विहीर, कब्रस्तानची भिंत यांना जकात चालत नाही, तिथे कुणाची मालकी होत नाही. मदरशाला देताना गरीब मुलांच्या जेवणाखाण्याच्या खात्यात घ्या असं सांगा आणि पावतीवर ‘जकात’ लिहून घ्या. नुसतं ‘देणगी’ लिहिलं की ती रक्कम पगारात किंवा रंगकामात जाऊ शकते. दवाखान्याचं बिल भरायचं असेल तर पैसे रुग्णाच्या हाती द्या, किंवा त्याने ‘माझ्या वतीने भरा’ म्हटल्यावर भरा. घरकामाच्या बाईला पगार किंवा बोनस म्हणून जकात चालत नाही. ती मुसलमान आणि गरजू असेल तर पगार पुरा देऊन वर द्या. गैरमुस्लिम गरजूंना नफली सदका, म्हणजे ऐच्छिक दान, द्या, त्याला अडीच टक्क्यांची मर्यादाही नाही.

आणि ईदचा फित्रा (ईदचं दान) यात मिसळू नका. तो वेगळा, माणशी, ईदच्या नमाजआधी. हनफी अर्धा साअ (धान्याचं जुनं माप) गहू किंवा त्याची किंमत, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. शाफई पूर्ण साअ, कोकणात तांदूळ, साधारण अडीच किलो, आणि धान्यच द्यायचं.