रिपोर्ट हातात आल्यावर डोक्यात काय चालू होतं? (अनुभव धागा)

नौपाडावाली
काल तलावपाळीला एक बाई बाकावर बसलेली, मांडीवर स्कॅनची ती मोठी पिशवी, समोर भेळवाला ओरडतोय आणि ही नुसती पाण्याकडे बघतेय. मला एकदम माझं २०१६ आठवलं. स्तनाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणे दुसरी स्टेज आहे, बरं होण्यासारखं आहे, पण पहिल्या शब्दानंतरचं मला काही ऐकूच आलं नव्हतं, नवऱ्याने घरी येऊन परत सांगितलं. मी रडले वगैरे नाही. माळा साफ केला. सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, गोडा मसाला, काळा मसाला, साबुदाणा, म्हणजे मी नसताना ह्यांना सापडावं. पुढचा रिपोर्ट यायला दहा दिवस होते, त्या दहा दिवसांत मी जेमतेम झोपले असेन. ऑपरेशन, कीमो परवडले पण ते दहा दिवस नको. येणारा जाणारा "पॉझिटिव्ह राहा". शेवटी एका नर्सने बीपी बघताना सहज विचारलं, झोप लागते का हो? आणि मी तिथेच कॉरिडॉरमध्ये हमसाहमशी. तिने मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं तर हे म्हणतात, "म्हणजे आता ठाण्याला भरती?" अहो आपण राहतो कुठे!! दोघंही हसलो, किती दिवसांनी. तुम्ही लिहा.

कोपरीकर
ठाण्याला भरती 😂 आपलं नशीबच तसं, १९०१ पासून ते मनोरुग्णालय इथे, पुण्याचे मावसभाऊ जन्मभर चिडवतायत. मी सांगतो, तुमच्याकडे येरवडा आहे की.

कुकरची_शिट्टी
वाचतेय. भात लावलाय, नंतर लिहिते.

खारघर_से२०
आम्ही बाबांना सांगितलंच नव्हतं. आत्या म्हणाली कळलं तर खचतील. साधी गाठ आहे, परळला मोठे डॉक्टर आहेत म्हणून दाखवायचं, एवढंच. सगळ्यांना दम दिलेला, फाईल माझ्याच बॅगेत. आणि शहाण्यासारखं लोकलला गर्दी नको म्हणून मी त्यांना राखीव डब्यात चढवलं. त्या डब्यावर अपंगांबरोबर कॅन्सर पेशंट पण लिहिलेलं असतं हे माझ्या डोक्यातच नाही! बाबा वाचून आत आले, काही बोलले नाहीत. वाशीची खाडी गेली, मानखुर्द गेलं. मग म्हणाले, "मला तर दोन्ही पाय आहेत." बस एवढंच. नंतर कळलं त्यांना पंधरा दिवसांपासून अंदाज होता, आम्हाला त्रास नको म्हणून तेच गप्प. म्हणजे घरात सगळे एकमेकांसाठी नाटक करतोय आणि माणूस आपला एकटाच विचार करत बसलाय रात्रभर. त्या दिवसानंतर ते निदान भांडायला लागले आमच्याशी, बरं वाटलं.

ऐरोली_नाका
त्या डब्यात धडधाकट माणसंच जास्त असतात हो. एकदा एकाला उठ म्हटलं तर म्हणे तुम्हाला काय झालंय, दिसत नाही काही. टोपी काढून दाखवली.

खारघर_से२०
ताई 🙏🙏 मग उठला का?

ऐरोली_नाका
उठला. पुढच्या स्टेशनला उतरलाच.

घोडबंदर_ट्रॅफिक
माझं उलटं, मला दुःख वगैरे काही नाही, संताप. पहिल्या कीमोनंतर पहाटे ३ वाजता टक्क जागा, पंखे पुसतोय, बायकोवर ओरडतोय, मुलगा घाबरून आजीकडे झोपायला. मला वाटलं डोक्यात पण पसरला. डॉक्टरांना सांगायची लाज, कीमोच्या तीन फेऱ्या तशाच काढल्या. मग बायकोनेच सांगितलं तर ते म्हणे अहो कीमोसोबत स्टेरॉईड देतो ना, त्याने होतं असं, संध्याकाळची गोळी सकाळी घ्या. बऱ्यापैकी फरक पडला. आधी सांगायला काय होतं यांना? आणि मला पण.

नेरूळ_औषधवाला
दुकानात बसून लिहितोय, गिऱ्हाईक आलं तर तुटेल. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू असलेल्यांनी लक्षात ठेवा, डिप्रेशनच्या सगळ्याच गोळ्या त्याच्याबरोबर चालत नाहीत. पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन असेल तर टॅमॉक्सिफेनचं शरीरात जे खरं कामाचं रूप बनतं तेच कमी बनतं. दुसऱ्या चालणाऱ्या गोळ्या आहेत. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा, पण मनाने काही बंद करू नका. आणि चार दिवसांत गुण नाही म्हणून परत करायला येऊ नका, दोन ते चार आठवडे जातात असर यायला

उपवनचा_फेरा
पहिल्यांदाच लिहितोय. पेट स्कॅनच्या आधी ते इंजेक्शन देऊन तासभर एका खोलीत गप्प बसवतात, मोबाईल नको, बोलू नको. तो तास. वय ३४, घराचे हप्ते चालू, मुलगी दीड वर्षाची, घरी आल्यावर आजचा दिवस तिला जवळ घेऊ नका म्हणे. नंतर रोज ऑफिसला जातो सांगून उपवन तलावावर बसायचो. खोटं कशाला बोलू, नको ते विचार यायचे. कुणाला काय सांगणार, सगळे म्हणायचे तू तर फायटर. आता तीन वर्षं झाली, ठीक आहे, पण स्कॅनची तारीख आली की पोट बिघडतंच.

नौपाडावाली
दादा, लिहिलंत बरं केलंत. स्कॅनच्या आठवड्यात मी अजून डबे आवरते. परत तसे विचार आले तर एकटे बसू नका, घरी सांगा, नाहीतर १४४१६ लावा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मी स्वतः लावलाय एकदा.

कोपरीकर
+१. आणि उपवनला या रविवारी, मी असतो सकाळी. फायटर वगैरे काही म्हणणार नाही, मिसळ खाऊ.

उपवनचा_फेरा
तर्री चालत नाही अजून 😅 पण येतो.

कुकरची_शिट्टी
नंतर लिहिते म्हटलं खरं. उद्या आईचा बायॉप्सीचा रिपोर्ट आहे. तिला झोप नाही, मला नाही, दोघी झोपल्याचं सोंग करतोय. भात पण लागला खाली.

नौपाडावाली
कुठे, किती वाजता?

कुकरची_शिट्टी
पाचपाखाडी, साडेदहा. पण तिथे नेहमीच उशीर होतो हो, तुम्ही कशाला.

नौपाडावाली
रिक्षाने दहा मिनिटं आहे मला. आईंना तिखट चालतं का? थालीपीठ आणते.